विमा आहे, मग औषधांचे पैसे खिशातून का?

बडोदे शहरातून उत्तरेला मही नदीच्या दिशेने गेले की नंदेसरीची औद्योगिक वसाहत लागते. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या जुन्या वसाहतींपैकी ही एक. रंगद्रव्ये, सोडियम नायट्राइटसारखी रसायने आणि औषधनिर्मितीला लागणारे मधल्या टप्प्यांवरील पदार्थ येथील कारखान्यांत तयार होतात. बडोद्याचे औषधांशी नाते याहूनही जुने आहे. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, प्राध्यापक कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी 1907 मध्ये उभा केलेला ॲलेम्बिकचा कारखाना हे त्याचे पहिले ठळक उदाहरण. गोव्यातील वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये. वेर्णा, कुंडई, कोलवाळ येथील कारखान्यांत गोळ्या व कॅप्सूल तयार होतात, आणि त्यांच्या पोटात जाणारी रसायने नंदेसरीसारख्या वसाहतींतूनच प्रवास सुरू करतात.

अशा वसाहतीत काम करणाऱ्या माणसाकडे आज आरोग्य विम्याचे एक तरी कार्ड असण्याची शक्यता बरीच आहे. कर्मचारी राज्य विम्याचे, गुजरात सरकारच्या योजनेला जोडलेल्या ‘आयुष्मान’चे किंवा कंपनीने काढलेल्या सामूहिक मेडिक्लेमचे. तरीही मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला तो औषधांच्या दुकानात रोख पैसे मोजताना दिसतो. औषधाच्या उगमाशी राहणारा आणि विमाधारक असलेला माणूस औषधांच्या खर्चाने का वाकतो, याचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते. एक, आपला आरोग्य विमा कशासाठी रचला गेला आहे. आणि दोन, औषधाची किंमत कोण व कशी ठरवतो.

खर्चाचे खरे स्वरूप

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण उरलेला भारही लहान नाही. या भारात औषधांचे स्थान काय, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 71 व्या फेरीने दाखवून दिले होते. जानेवारी ते जून 2014 या काळातील त्या पाहणीत, रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांवरील वैद्यकीय खर्चापैकी ग्रामीण भागात सुमारे 72 टक्के आणि शहरी भागात सुमारे 68 टक्के रक्कम केवळ औषधांवर गेल्याचे आढळले.

म्हणजे शस्त्रक्रिया वा अतिदक्षता विभागाचे बिल डोळ्यांत भरते खरे. परंतु घरच्या अंदाजपत्रकाला वर्षानुवर्षे पोखरते ती महिन्याची औषधांची पिशवी. एखाद्या घरात महिन्याला 1,800 रुपयांची औषधे लागतात असे धरले, तर वर्षाला 21,600 आणि दहा वर्षांत, भाव अजिबात न वाढता, 2,16,000 रुपये होतात. एखाद्या मध्यम शस्त्रक्रियेइतकी ही रक्कम आहे. फरक इतकाच, की शस्त्रक्रियेला विम्याचे संरक्षण असते, या रकमेला बहुधा नसते.

विमा खाटेचा, औषध घरचे

भारतातील बहुतेक आरोग्य विमा ‘रुग्णालयात दाखल होणे’ या घटनेभोवती बांधलेला आहे. किमान ठरावीक तास दाखल राहणे किंवा दिवसभरात आटोपणारी मान्यताप्राप्त उपचारपद्धती, या अटींत बसले तरच दावा उभा राहतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन औषधांची चिठ्ठी घेऊन परतणारा रुग्ण या व्याख्येच्या बाहेर राहतो.

23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण आहे. गुजरातने 2012 मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री अमृतम योजना पुढे तिच्यात विलीन केली आणि 2023 मध्ये राज्यातील संरक्षणाची मर्यादा 10 लाख रुपयांवर नेली. मर्यादा दुप्पट झाली, तरी औषधांची व्याप्ती बदलली नाही. दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस, रुग्णालयातील मुक्काम आणि घरी पाठवल्यानंतरचे 15 दिवस, एवढ्याच काळातील औषधे योजनेत येतात. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाला आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. सोळाव्या दिवसापासून त्यांचा खर्च त्याचा स्वतःचा.

गोव्यातील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची रचनाही याच पठडीतील आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण ठरवण्यात आले. मोठ्या आजारपणात योजनेचा आधार मोलाचा ठरतो. परंतु तिची यादी उपचारपद्धतींची आहे. महिन्याच्या गोळ्यांची नाही.

खासगी मेडिक्लेममध्ये हा काळ थोडा लांबतो. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2020 पासून सर्व कंपन्यांना एकसारख्या स्वरूपात विकायला लावलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीच्या 30 आणि नंतरच्या 60 दिवसांतील संबंधित औषधांचा खर्च मिळतो. त्यातूनही मंजूर दाव्याच्या 5 टक्के रक्कम विमाधारकाने सोसायची असते. शिवाय पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. तो पूर्वी जास्तीत जास्त 48 महिने होता. 2024 मध्ये नियामकाने ही मर्यादा 36 महिन्यांवर आणली. ज्याला औषधांची गरज सर्वाधिक, त्यालाच सर्वाधिक थांबावे लागते.

एक अपवाद आणि त्याचा उंबरठा

महिन्याच्या औषधांचीही जबाबदारी घेणारी मोठी विमा योजना देशात आहे: कर्मचारी राज्य विमा. 1948 च्या कायद्यातून ती आली आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथून प्रत्यक्षात सुरू झाली. यात विमाधारक कामगार व त्याच्या कुटुंबाला दवाखान्यातील तपासणी, औषधे, तज्ज्ञांचा सल्ला आणि रुग्णालयातील उपचार असे सर्वच मिळते. उपचाराच्या खर्चाला रकमेची कमाल मर्यादा नाही. 1 जुलै 2019 पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या 0.75 टक्के आणि मालकाची 3.25 टक्के आहे.

या योजनेला वेतनाचा उंबरठा आहे. 1 जानेवारी 2017 पासून तो महिना 21,000 रुपये आहे. या उंबरठ्यावर काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, नंदेसरीतील एखाद्या कामगाराचे वेतन 20,800 रुपये आहे. त्याच्या वेतनातून महिन्याला 156 रुपये कापले जातात आणि घरातील 1,800 रुपयांची औषधे योजनेच्या दवाखान्यातून मिळतात. वेतन 500 रुपयांनी वाढून 21,300 झाले, की तो योजनेबाहेर जातो. वाढीचे 500 आणि वाचलेले 156 मिळून हाती 656 रुपये जास्त आले; औषधांसाठी 1,800 रुपये गेले. पगारवाढीनंतर घर महिन्याला 1,144 रुपयांनी गरीब झाले. कंपनी त्याला सामूहिक मेडिक्लेममध्ये घेईलही. पण ते संरक्षण पुन्हा खाटेपुरतेच.

कामगारांनी लक्षात ठेवावे असे काही बारकावे येथे आहेत. वर्गणीचे कालखंड 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असे असतात. कालखंडाच्या मध्येच वेतन उंबरठ्यापलीकडे गेले, तर तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जूनचा लाभकाळ अवलंबून असतो, त्यामुळे योजनेचा आधार त्याच दिवशी तुटत नाही. जादा कामाचा मोबदला वर्गणीसाठी धरला जातो, पण उंबरठा ओलांडला की नाही हे ठरवताना धरला जात नाही. किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. निवृत्तीनंतर औषधांचा खर्च वाढत जातो, तेव्हा ही तरतूद फार मोलाची आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते.

विमा कंपन्या औषधांपासून दूर का राहतात?

विम्याचे गणित अनिश्चिततेवर चालते. शंभर जणांपैकी पाच जणांवर शस्त्रक्रिया होईल, कोणावर ते माहीत नाही. म्हणून शंभर जणांच्या हप्त्यांतून पाच जणांचा खर्च भागतो. मधुमेह्याच्या गोळ्या मात्र दरमहा लागणार हे निश्चित आहे. अशा निश्चित खर्चासाठी स्वतंत्र पॉलिसी काढली, तर ज्यांना औषधे लागतात तेच ती घेतात आणि हप्ता खर्चाइतकाच वाढत जातो. त्यात 300–400 रुपयांच्या असंख्य बिलांची पडताळणी करण्याचा खर्च मिळवावा लागतो. म्हणून बाह्यरुग्ण खर्चाचे जोडसंरक्षण घेताना वार्षिक मर्यादा आणि जादा हप्ता यांची तुलना आवर्जून करावी. कर्मचारी राज्य विम्यात निरोगी व आजारी अशा सर्वांची वर्गणी सक्तीची असल्यामुळे हा प्रश्न तेथे सुटतो.

किमतीची दुसरी बाजू

विमा नसलेल्या ठिकाणी औषधाची छापील किंमत हाच रुग्णाचा खर्च असतो. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरण अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत ठरवते. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत 384 औषधे आहेत. कमाल किंमत काढताना बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या नाममुद्रांच्या, किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची सरासरी घेतली जाते आणि तिच्यात विक्रेत्याचे 16 टक्के मिळवले जातात. नंदेसरीच्या कारखान्यातून रसायन किती रुपयांना बाहेर पडले, याचा या हिशेबाशी संबंध नाही. त्याआधीच्या 1995 च्या आदेशात 74 मूळ औषधांसाठी उत्पादन खर्चाचा आधार घेतला जात असे. 2013 मध्ये तो बाजारभावाच्या सरासरीने बदलला.

यादीतील औषधांच्या किमती दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलतात. एप्रिल 2023 मध्ये ही मुभा 12.12 टक्के होती, तर एप्रिल 2025 मध्ये 1.74 टक्के. यादीबाहेरच्या औषधांना कमाल किंमत नसते; त्यांची छापील किंमत वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येते. दरवर्षी पूर्ण वाढ केली, तर 100 रुपयांची पट्टी पाच वर्षांत 161 आणि सात वर्षांत जवळपास 195 रुपयांची होते. यादी औषधाच्या मात्रेला आणि स्वरूपाला धरून असते. त्यामुळे यादीतील दोन औषधे एकाच गोळीत एकत्र केली, की तयार होणाऱ्या गोळीला ती कमाल किंमत आपोआप लागू होत नाही.

छापील किमतीत किती पोकळी असू शकते, याचा अनुभव मार्च 2025 मध्ये आला. मधुमेहावरील एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचे पेटंट भारतात संपले आणि सुमारे 60 रुपयांना मिळणाऱ्या गोळीच्या जागी अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या 10 रुपयांच्या आसपास, काहींच्या तर त्याहून कमी किमतीत, बाजारात आल्या. त्याआधी, फेब्रुवारी 2019 मध्ये, प्राधिकरणाने कर्करोगावरील 42 औषधांच्या विक्री साखळीतील नफा 30 टक्क्यांपुरता मर्यादित केला, तेव्हाही अनेक नाममुद्रांच्या किमती मोठ्या प्रमाणात उतरल्या. या दोन्ही वेळी रुग्णाला दिलासा मिळाला तो विम्याविना, केवळ किंमत उतरल्यामुळे.

रुग्णालयाच्या आतही ही अडचण संपत नाही. दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांच्या बिलांची तपासणी करून प्राधिकरणाने फेब्रुवारी 2018 मध्ये मांडलेल्या अहवालात काही वस्तूंवरील नफा 1,737 टक्क्यांपर्यंत असल्याचे दिसले. विम्याची मर्यादा अशा बिलांत लवकर संपते आणि उरलेली रक्कम रुग्णाकडे येते. रुग्णालयांनी स्वतःच्याच दुकानातून औषधे घेण्याची सक्ती करू नये, या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये थेट आदेश न देता धोरण ठरवण्याची जबाबदारी राज्यांवर सोपवली.

चिठ्ठीवरील नाव

स्वस्त पर्याय अस्तित्वात असूनही रुग्णापर्यंत पोहोचत नाही, याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील नाममुद्रा हेही कारण आहे. औषध नियमावली 1945 मधील 65 व्या नियमानुसार विक्रेत्याला चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध परस्पर देता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहिणे बंधनकारक करणारे नियम आणले; दर्जाविषयीच्या आक्षेपांनंतर त्याच महिन्यात ते स्थगित झाले. हा आक्षेप सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. स्वस्त औषध विश्वासार्ह असल्याची खात्री सरकारी तपासणीतून मिळाली पाहिजे, हे डॉक्टरांचे म्हणणे रास्त आहे. पण त्या खात्रीअभावी पडणारा भुर्दंड रुग्ण भरतो.

2008 मध्ये सुरू झालेली जनऔषधी केंद्रे यावरचा एक मार्ग आहे. तेथील औषधाची किंमत पहिल्या तीन नाममुद्रांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक ठेवली जात नाही. अनेकदा ती त्याहून बरीच कमी असते. चिठ्ठीवर मूळ नाव असेल, तरच या केंद्राचा पुरेपूर उपयोग होतो.

इतरत्र काय होते?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या नातलगांना तेथील पद्धत ऐकून ठाऊक असेल. तेथे चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क आहे. मे 2024 मध्ये ते 9.90 पौंड झाले. औषध कितीही महाग असले तरी शुल्क तेवढेच, आणि 60 वर्षांवरील नागरिकांना ते माफ आहे. अमेरिकेत विम्यात औषधे असतात, पण रुग्णाचा वाटा अनेकदा अवाच्या सवा छापील किमतीवर मोजला जातो. त्यामुळे तेथेही विमाधारकांना खर्चाचा फटका बसत होता. ज्येष्ठांच्या सरकारी औषध विम्यात 2025 पासून वर्षाला 2,000 डॉलरची मर्यादा घालावी लागली.

भारतातही विम्याविना चालणारा पर्याय उभा राहिला आहे. तामिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. मूळ नावाने मोठ्या प्रमाणात खरेदी, दर्जाची तपासणी आणि सरकारी दवाखान्यांतून मोफत वाटप ही त्याची पद्धत. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून याच धर्तीवर मोफत औषध योजना सुरू केली. दाव्यांची कागदपत्रे, प्रतीक्षाकाळ, खाटेची अट यांपैकी काहीही त्यात लागत नाही. औषध मात्र दवाखान्यात प्रत्यक्ष उपलब्ध असावे लागते.

विमाधारकाने काय पाहावे?

पॉलिसी घेताना संरक्षणाच्या रकमेइतकेच लक्ष दाखल होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या दिवसांच्या संख्येकडे द्यावे. त्या काळातील औषधांची मूळ बिले व चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. घरी आल्यावरच्या औषधांचा दावा करायचा असतो, हेच अनेकांच्या लक्षात राहत नाही. पॉलिसीतील मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास इतर खर्चात प्रमाणशीर कपात होऊ शकते. मात्र औषधे, प्रत्यारोपित साधने व तपासण्या यांवर अशी कपात करू नये, असे नियामकाचे 2020 चे निर्देश आहेत. तोंडावाटे घेण्याची कर्करोगाची औषधे पूर्णपणे वगळण्याचीही मुभा कंपन्यांना नाही. त्यांवर रकमेची मर्यादा मात्र असू शकते.

डॉक्टरांना मूळ नाव लिहिण्याची विनंती करावी, आणि पर्याय घेताना मात्रा तीच आहे याची खात्री त्यांच्याकडूनच करून घ्यावी. प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर औषधाची कमाल किंमत पाहता येते. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आणि 33 जीवरक्षक औषधांवरील कर शून्यावर आला. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावरील करही माफ झाला. बिलात ही घट दिसते का, हे तपासावे. मधुमेह व रक्तदाबाची नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. ती घेण्यात कमीपणा मानू नये. खर्च झेपत नाही म्हणून गोळी अर्धी करणे किंवा एक दिवसाआड घेणे हा मार्ग सर्वांत महाग पडतो. त्याचे पर्यवसान अखेर रुग्णालयात होते, आणि विम्याचे कार्ड तेथे पोहोचल्यावरच कामाला येते.